नववीचे गणित : प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१८ जून २०२४

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात असलेल्या आमच्या माध्यमिक शाळेत या वर्षी नववीच्या वर्गासाठी गणिताचा स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला आहे. शाळेत गाव, आसपासच्या वाड्या आणि दोन तांडे (बंजारा वस्त्या) येथून मुले येतात. गणित शिकवणारे आम्ही दोघे आहोत, मी आणि माझ्या सहकारी बाई, आणि नोंदी मी ठेवणार आहे.

दहावीऐवजी नववी निवडण्याचे कारण व्यवहाराचे आहे. दहावीत गणित भाग १ आणि भाग २ यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. जे मूल नववीतून अडखळत वर येते, त्याचे आणि त्याच्या शिक्षकांचे सारे वर्ष ‘३५ कसे पडतील’ या एकाच चिंतेत जाते. मागे वळून पाया पाहण्याइतकी उसंत मिळतेच तर ती नववीत मिळते. हे आमच्याच गावाचे दुखणे आहे असेही नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालासाठी देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली होती, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे त्या मुलामुलींपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच जमले होते. नववीच्या वर्गात बहुपदी शिकवताना समोर कोण बसले आहे याची कल्पना या एका आकड्यावरून यावी.

शिक्षककक्षात नेहमी ऐकू येणारे मत असे की मुलांना गणिताची गोडीच नाही, म्हणून त्यांना ते जमत नाही. या प्रकल्पाचे गृहीत नेमके उलटे आहे. जमत नाही म्हणून गोडी नाही, आणि जे जमत नाही ते ‘गणित’ नावाचे सबंध काही नसून पाचवी ते सातवीत सुटलेल्या मोजक्याच गोष्टी आहेत. हे गृहीत खरे की खोटे हे वर्षभरात कळेल.

२५ जून २०२४

पूर्वचाचणी घेतली. चौथी ते सातवीच्या अभ्यासक्रमातील उदाहरणे दिली, त्यांत नववीचे एकही नव्हते. सूचना दोनच दिल्या : खोडरबर वापरायचा नाही, आणि कच्चे काम त्याच कागदावर करायचे. कागदावर गुण दिले जाणार नाहीत हे आधीच सांगितले, तरी तास संपल्यावर काही मुलांनी ‘किती पडले’ असे विचारलेच.

१ जुलै २०२४

चार-पाच दिवस संध्याकाळी बसून आम्ही उत्तरपत्रिका वाचल्या. तपासल्या नाहीत, वाचल्या. बरोबर उत्तरे बाजूला ठेवून चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे लावले, आणि प्रत्येक गठ्ठ्यातील मुलाने कोणता विचार केला असावा ते शेजारी लिहिले.

सर्वांत मोठा गठ्ठा अपूर्णांकांचा निघाला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर कित्येकांनी दोन पंचमांश असे दिले आहे, म्हणजे अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. अर्ध्या भाकरीत आणखी काही घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही, कारण कागदावरचा अपूर्णांक आणि ताटातला अर्धा भाग यांचा काही संबंध असतो हे त्यांच्या मनात कधी ठसलेलेच नाही. दशांशात ०.३५ ही संख्या ०.४ पेक्षा मोठी ठरली आहे, ३५ हे ४ पेक्षा मोठे म्हणून. भागाकारात ८१६ ला ८ ने भागून १२ आले आहेत. भागाकारातील मधले शून्य लिहायचे राहिले, आणि उत्तर शंभराच्या वर असायला हवे असा अंदाजही कोणी केला नाही.

उणे संख्यांचा गठ्ठा वेगळ्याच कारणाने लक्षात राहण्यासारखा आहे. उणे ७ मधून ३ वजा करून अनेकांनी अधिक १० लिहिले आणि शेजारी आत्मविश्वासाने ‘उणे उणे अधिक’ असा नियमही लिहिला. नियम पाठ आहे, पण तो गुणाकाराचा आहे आणि तो कुठे लावायचा हे त्यांना माहीत नाही. समीकरणांतही तोच प्रकार आहे. ३क्ष = १२ यावरून क्ष = १२ − ३ = ९ असे काढणाऱ्या मुलाने ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य अगदी प्रामाणिकपणे पाळले आहे.

या वाचनातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. एकच मूल एकाच प्रकारची चूक जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने करते. म्हणजे ते मूल अंदाजपंचे उत्तर देत नाही. ते नियमाने चालते, फक्त तो नियम त्याचा स्वतःचा असतो. शून्य गुण देऊन कागद परत केला तर हा नियम आहे तसाच राहतो आणि नववीच्या बहुपदीत जाऊन (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असे रूप घेतो.

९ जुलै २०२४

गट पाडले. हे गट क्रमांकावरून किंवा गेल्या वर्षीच्या टक्क्यांवरून पाडलेले नाहीत. कोणाला काय अडते यावरून पाडले आहेत, त्यामुळे गेल्या वर्षी वर्गात दुसरी आलेली मुलगी दशांशाच्या गटात, तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा त्याच गटात इतरांना समजावून सांगताना दिसतो. दर पंधरवड्याला गट बदलतील. ‘हुशार’ आणि ‘ढ’ हे दोन शब्द वर्गात वापरायचे नाहीत असे ठरले, आणि तो नियम मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांनाच अधिक वेळा आठवून द्यावा लागतो.

‘पोर्शन कसा पूर्ण होणार?’ अशी मुख्याध्यापकांची रास्त शंका होती. तोड अशी निघाली की गणिताच्या प्रत्येक तासाची पहिली १५ मिनिटे गटकामाला आणि उरलेला वेळ नववीच्या पाठाला द्यायचा. शक्य तेथे दोन्हींची सांगड घालायची. संचाचा पाठ चालू असताना अपूर्णांक सांगण्याची सक्ती नको, मात्र गुणोत्तर व प्रमाण शिकवायला घेण्याआधी त्या गटाचे अपूर्णांक पक्के व्हायलाच हवेत.

१९ जुलै २०२४

उणे संख्यांसाठी उजनी धरण घेतले. संख्यारेषा मुलांनी सहावीपासून पाहिली आहे आणि त्यांच्या लेखी ती फळ्यावरची एक आडवी रेघ आहे. उजनी मात्र त्यांच्या ऐकण्यातले आहे, कारण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रे आणि बातम्या ‘उजनी उणे’ असे म्हणतात. जूनच्या आरंभीची कात्रणे बाईंनी जपून ठेवली होती. त्या वेळी साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता.

धरणात उणे पाणी कसे असेल, हा प्रश्न मुलांकडूनच आला. मग आकडे मांडले : उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट), मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचा तळाचा साठा, ६३.६६ टीएमसी, एकूण ११७.२३. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे, उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्याच्या रेषेवर आलेले असते. उणे ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्मे, सुमारे २६.८ टीएमसी, पाणी मृतसाठ्यातून उचलले गेले आणि तरीही तळाशी सुमारे ३६.९ टीएमसी शिल्लक आहे. टक्केवारी नेहमी कशाची तरी असते, आणि येथे ती एकूण साठ्याची नसून उपयुक्त साठ्याची आहे, हे या निमित्ताने सांगून झाले. पैठणच्या जायकवाडीचे आकडेही पुढे ठेवले, उपयुक्त २१७१ आणि मृत ७३८ दशलक्ष घनमीटर. जायकवाडी उणे १०० टक्के होऊ शकेल का, असे विचारल्यावर एका मुलाने दोन्ही आकडे पाहून ‘नाही सर, त्याच्या आधीच तळ लागंल’ असे उत्तर दिले. उजनीच्या बाबतीत मात्र हिशेबापुरते तरी ते शक्य आहे हेही त्यानेच दाखवले.

यानंतर चाचणीतली जुनी उदाहरणे धरणाच्या भाषेत विचारली. साठा उणे ७ टक्के आहे आणि ३ टक्के पाणी आले, तर किती? उणे १० लिहिणारा मुलगा स्वतःच थांबला, कारण पाणी आल्यावर धरण खाली जाणार नाही. साठा उणे ७ आहे आणि आणखी ३ टक्के सोडले, तर अधिक १० कसे होईल? वर्ग हसला, आणि त्या हसण्यात ज्यांनी ते उत्तर दिले होते तेही सामील होते. गुणाकाराचा नियमही याच ठिकाणी अर्थासह सांगता आला. साठा रोज ३ टक्के उतरत असेल, म्हणजे बदल उणे ३ असेल, तर ४ दिवसांपूर्वी, म्हणजे उणे ४ दिवशी, तो आजच्यापेक्षा १२ टक्के अधिक होता. ‘उणे उणे अधिक’ हे खरे कुठे ठरते आणि कुठे नाही, ते आता वहीच्या एकाच पानावर समोरासमोर लिहिलेले आहे.

६ ऑगस्ट २०२४

गावातील एका वयोवृद्ध आजोबांना वर्गात बोलावले. शिक्षण चौथीपर्यंतचे, मात्र पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे त्यांना मुखोद्गत आहेत. अडीच रुपये दराने आठ नगांचे किती, याचे उत्तर मुले कागद शोधेपर्यंत त्यांनी देऊन टाकले. मुलांना त्याचे नवल वाटले आणि काहींनी पाढे लिहूनही घेतले. नुसत्या पाठांतराने अपूर्णांक समजतात असे माझे मत नाही. परंतु पाऊणकीत आठांचे सहा होतात हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याला तीन चतुर्थांश गुणिले आठ याचे उत्तर आठापेक्षा कमी का येते हे समजावणे फार सोपे जाते. ‘गुणले की वाढते’ हा आणखी एक घरगुती नियम आमच्या गठ्ठ्यांमध्ये होता, तो या पाढ्यांनी मोडला.

२७ ऑगस्ट २०२४

किराणा दुकानातून दोन पारड्यांचा जुना तराजू मागून आणला. सारख्या वजनाच्या तीन पुड्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला बारा वजने. एका पुडीचे वजन काढायचे तर तीन वजने उचलून चालत नाही, हे मुलांनी पारडे वर जाताना डोळ्यांनी पाहिले. ‘पक्षांतर’ (पद एका बाजूकडून दुसरीकडे नेणे) हा शब्द सध्या वर्गात वापरायचा नाही असे ठरवले आहे. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची आणि ती क्रिया ओळीच्या शेवटी शब्दांत लिहायची. ओळी वाढतात, वेळ जातो, पण चूक कोणत्या ओळीत झाली ते मुलालाच सापडते.

४ सप्टेंबर २०२४

पोळ्याच्या सुमारास मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. शाळा भरली तरी हजेरी अगदीच कमी होती. आलेल्या मुलांबरोबर पावसाचाच हिशेब केला. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात गुंठ्यावर साडेसहा हजार लिटरांहून अधिक, आणि एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडते. सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या घरच्या एका मुलीने हा हिशेब स्वतःच्या शेताच्या एकरांनी गुणून वहीत ठेवला.

२० सप्टेंबर २०२४

पाऊस उघडल्यावर मैदानावर जमीन मोजण्याचे काम केले. आमच्या भागात खुरपणी, फवारणी, ट्रॅक्टरचे भाडे हे सारे एकरावर किंवा गुंठ्यावर ठरते, त्यामुळे ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हे मुलांना सांगावे लागत नाही. वाकड्यातिकड्या तुकड्याचे क्षेत्र काढण्याची गावातली रीतही बहुतेकांनी घरी पाहिली आहे : समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा.

मैदानावर चार खुंट्या मुद्दाम अशा ठोकल्या की बाजू क्रमाने १३०, १४०, १२० आणि ९० फूट आल्या, आणि १३० व ९० या बाजू जेथे मिळतात त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण १५० फूट आला. गावच्या रीतीने १३० व १२० यांची सरासरी १२५ आणि १४० व ९० यांची ११५, म्हणून क्षेत्र १४,३७५ चौरस फूट, म्हणजे १३ गुंठ्यांहून थोडे अधिक भरले. मग कर्णाने तुकड्याचे दोन त्रिकोण केले आणि आठवीत येऊन गेलेले हीरोचे सूत्र लावले. १३०, १४०, १५० या त्रिकोणाची अर्धपरिमिती २१० आणि क्षेत्रफळ ८,४००. १२०, ९०, १५० हा तर काटकोन त्रिकोण, त्याचे ५,४००. एकूण १३,८०० चौरस फूट, म्हणजे साडेबारा गुंठ्यांहून थोडे अधिक. दोन उत्तरांत ५७५ चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त फरक पडला.

येथपर्यंत आम्ही योजले तसेच घडले. पुढचे एका मुलीने घडवले. टेप धरून उभी असताना तिला तिच्या पायाशी असलेला कोपरा काटकोन वाटला. काटकोन तपासायचा गुण्या नव्हता, म्हणून तिने दोरीवर ३, ४, ५ हात मोजून तो कोपरा तपासला आणि नंतर शेजारचा कोपराही तपासला. दोन्ही काटकोन निघाले. याचा अर्थ १४० आणि ९० या बाजू समांतर आहेत आणि तुकडा समलंब चौकोन आहे. ‘मग सूत्र एवढं मोठं कशाला, सर?’ असे म्हणत तिने समांतर बाजूंची बेरीज २३०, तिची निमपट ११५, आणि गुणिले उंची १२० असे करून १३,८०० काढून दाखवले. वर्गमूळ काढताना घाम फुटलेल्या मुलांनी तिच्याकडे जरा रागानेच पाहिले.

पुढील तासाला प्रश्न राहिला की गावची रीत नेहमी जास्तच का दाखवते. बाजूंच्या लांब्या तशाच ठेवून चार काड्यांची चौकट तिरकी करत गेले की क्षेत्र घटत जाते, पण सरासऱ्यांचा गुणाकार तितकाच राहतो, हे सायकलच्या स्पोकांची चौकट करून मुलांनी पाहिले. आयत असेल तरच ही रीत अचूक उतरते, एरवी ती क्षेत्र फुगवते. एका पालकांनी नंतर शाळेत येऊन आपल्या बांधाच्या तुकड्याचे माप मुलाकडून काढून घेतले. हा मुलगा पूर्वचाचणीत ८१६ ला ८ ने भागून १२ काढणाऱ्यांपैकी होता.

५ ऑक्टोबर २०२४

प्रथम सत्र परीक्षेच्या आधी थोडे प्रेरणेविषयी. गेल्या पंधरवड्यात बाहेरून आलेल्या एका वक्त्यांचे विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान झाले. बोलणे प्रभावी होते, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठ नेहमीइतक्याच मुलांनी आणला. व्याख्यानांना माझा विरोध नाही, पण ज्याला पहिलीच पायरी सापडत नाही त्याला शिखराचे वर्णन ऐकवून फारसे साधत नाही. उलट तराजूच्या तासानंतर एका आठवड्यात, कोणीही न सांगता, समीकरणांची जादा उदाहरणे मागायला मुले आली. ती का आली, हे विचारले असता एकाने ‘आता येतंय म्हणून’ एवढेच सांगितले.

वहीवरील शेऱ्यांबाबत आम्ही एक बदल केला आहे. ‘छान’, ‘शाबास’, ‘लक्ष दे’ असे शेरे बंद केले. त्याऐवजी ‘छेद सारखे केलेस ते बरोबर, आता अंशालाही त्याच संख्येने गुणले का ते पाहा’ असा, पुढे काय करायचे ते सांगणारा शेरा लिहितो. प्रत्येकाच्या वहीत शेवटच्या पानावर ‘जमलेले’ अशी यादी आहे, आणि एखादी गोष्ट त्या यादीत जाण्यासाठी ती वेगवेगळ्या आठवड्यांत दोनदा बरोबर यावी लागते. ही यादी मूल स्वतः लिहिते, शिक्षक फक्त सही करतात.

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर वर्ग विरळ झाला आहे. यंदाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू होत असल्याने ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर आमची काही मुले-मुलीही. धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि स्वयंपाकाला मोठी मुलगी बरोबर न्यावी लागते, हे पालक लपवत नाहीत. ज्यांची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे होऊ शकली त्यांना मागे ठेवण्यासाठी पालकसभेत प्रयत्न केले, काही ठिकाणी यश आले, सगळीकडे नाही.

जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक सरावाची वही शिवून दिली आहे. तिच्यात त्याला अडणाऱ्या गोष्टींचीच उदाहरणे आहेत, दर आठवड्याला एक पान, पानाच्या मागे उत्तरे नाहीत पण पडताळा कसा घ्यायचा ते लिहिले आहे. आठवड्यातून एकदा पालकांच्या मोबाईलवरून पानाचा फोटो पाठवायचा, आम्ही त्यावर बोलून उत्तर पाठवू. गणित पुढे न्यायचे नाही, सुटू द्यायचे नाही, इतकीच या वहीची अपेक्षा आहे.

निघण्यापूर्वी दोन चलांतील रेषीय समीकरणाचा पाठ उचलीच्या, म्हणजे तोडीआधी आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशेबावर घेतला. आकडे सोपे ठेवले : समजा एका कोयत्याने (तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीने) ८०,००० रुपये उचल घेतली आणि टनाला ४०० रुपये दर ठरला. क्ष टन ऊस तोडल्यावर फिटायची उरलेली रक्कम य असेल, तर य = ८०,००० − ४००क्ष. उचल कधी फिटेल, म्हणजे य शून्य कधी होईल? २०० टनांना. रोज २ टन तोड झाली तर १०० दिवस. हंगाम ९० दिवसांतच आटोपला तर १८० टन होतात आणि ८,००० रुपये अंगावर राहतात. आलेख काढल्यावर उतरती रेषा अक्षाला जेथे मिळते तो बिंदू मुलांना पुस्तकापेक्षा निराळ्या कारणाने समजला. ‘सर, खाड्याचे कुठं धरलेत?’ असे एका मुलाने विचारले. कामावर न गेलेल्या दिवसांची कपात समीकरणात घ्यायची तर आणखी एक चल लागेल, आणि ते त्यानेच मांडले. वर्गात इतकी शांतता एरवी नसते.

२१ डिसेंबर २०२४

उद्या, २२ डिसेंबरला, रामानुजन यांची जयंती आणि राष्ट्रीय गणित दिन. रविवार असल्याने कार्यक्रम आजच केला. भाषणे ठेवली नाहीत. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ साली शोधलेल्या ६१७४ या संख्येचा प्रयोग केला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर तेच पुन्हा करायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते.

चालू साल घेतले : ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६, पुढे ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४, मग ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. मुलांनी जन्मसाले, गाडीचे क्रमांक, मोबाईलचे शेवटचे चार अंक घेतले. हातच्याची वजाबाकी नववीच्या मुलांना पुन्हा करायला सांगितली असती तर ती अपमानाने करावी लागली असती, आज त्यांनी ती हौसेने केली. ज्याला ६१७४ मिळाले नाही तो स्वतःची वजाबाकी स्वतःच शोधत बसला.

प्रत्येक पायरीचे उत्तर ९ ने विभाज्य आहे हे दोन मुलींच्या लक्षात आले. कारण बीजगणितात सापडते. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते, आणि दोन्ही पदे ९ च्या पटीत आहेत. अक्षरे वापरण्याचा उपयोग काय, या जुन्या प्रश्नाला माझ्याकडे आतापर्यंत इतके थेट उत्तर नव्हते. तीन अंकी संख्येत काय होते ते घरून शोधून आणायला सांगितले आहे, ४९५ कोण आणतो ते सोमवारी कळेल.

१६ जानेवारी २०२५

मिश्र सराव सुरू केला. पाठाच्या शेवटी त्याच पाठाची उदाहरणे असतात, त्यामुळे कोणते सूत्र वापरायचे हे ठरवण्याचे काम मुलाला करावेच लागत नाही, शीर्षकच ते सांगून टाकते. परीक्षेत नेमके हेच ठरवायचे असते. आता आठवड्याच्या सरावपत्रिकेत चार-पाच वेगवेगळ्या पाठांतील उदाहरणे उलटसुलट क्रमाने असतात, काही गेल्या आठवड्याची, काही ऑगस्टमधली. उदाहरण सोडवण्याआधी ‘हे कशाचे आहे आणि का’ असे एक वाक्य लिहायचे. पहिल्या दोन पत्रिकांत बरोबर उत्तरे कमी झाली आणि मुले कुरकुरली. सोपा सराव करून आलेल्या पैकीच्या पैकी गुणांपेक्षा ही कुरकुर मला अधिक उपयोगाची वाटते. गाईडमधून उतरवलेला गृहपाठही या पत्रिकेमुळे आपोआप थांबला आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

शाब्दिक उदाहरणे हे आमचे सर्वांत दुबळे अंग अजूनही आहे. ‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी’ याचे मांडणीत ५ − ३क्ष होते, कारण मुले ‘पेक्षा’ला अडखळतात. तांड्यावरील ज्या मुलांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते, त्यांना ‘अनुक्रमे’, ‘परस्पर’, ‘किमान’ असे पाठ्यपुस्तकी शब्द दुहेरी ओझे होतात. त्यांना गणित कच्चे असल्याचा शेरा आजवर मिळत आला, तो बराचसा चुकीच्या ठिकाणी मारलेला होता. आता उदाहरण आधी आकड्यांशिवाय वाचायचे, काय घडले ते आपल्या बोलीत शेजाऱ्याला सांगायचे, मग एखादी सोपी संख्या धरून पडताळायचे, आणि शेवटी क्ष लिहायचा, असा क्रम ठेवला आहे. संख्या १० धरली की तिची तिपट ३०, त्याहून ५ ने कमी म्हणजे २५, आणि ५ − ३० म्हणजे उणे २५, यातून क्रम कुठे उलटला ते दिसते.

१८ मार्च २०२५

जूनमधील चाचणीच्याच प्रकारची, पण आकडे बदललेली चाचणी घेतली आणि पुन्हा गठ्ठे लावले. उणे संख्यांचा गठ्ठा अगदी लहान झाला आहे. समीकरणांतील ‘१२ − ३’ जवळजवळ नाहीसे झाले. अपूर्णांकांची बेरीज बहुतेकांना येते, भागाकार येत नाही. दशांशातील लहान-मोठेपणा समजला आहे, मात्र दशांशाने भागताना चिन्ह अजून घसरते. तोडीवर गेलेल्यांपैकी ज्यांचे फोटो नियमित येत होते त्यांचे फारसे सुटलेले नाही. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता किंवा ज्यांना दिवसभराच्या कामानंतर वही उघडणेच शक्य नव्हते, त्यांची पाने कोरी आहेत, आणि त्यांना नव्याने सुरुवात करून देणे हे आमचे काम आहे, त्यांचे नाही.

२९ एप्रिल २०२५

वार्षिक परीक्षा आटोपली. गुणांचे तक्ते शाळेने केले आहेत, ते येथे उतरवत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक पान तयार केले : काय पक्के, काय अर्धवट, आणि चूक कोणत्या विचाराने होते. ही पाने दहावीला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात दिली जातील. वर्गसमीकरणांच्या आधी अवयव पाडण्याचा, आणि समरूपतेच्या आधी गुणोत्तरांचा गट लावावा असे त्यांच्याशी बोलून ठरले आहे. तोडीवरून परतलेल्या मुलांचा वर्ग मे महिन्यात सकाळी सात ते नऊ समाजमंदिरात भरेल. त्याची किल्ली ग्रामपंचायतीकडून मिळाली आहे, आणि शिकवायला बाईंच्या बरोबरीने ती समलंब चौकोनाची मुलगी येणार आहे.